फिजिक्स टू आणि एक आडवी रेघ

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं पहिलं फिजिक्स असतं ना, मेकॅनिक्सचं, ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. ठोकळा उतारावरून घसरतो, चेंडू वर जातो खाली येतो, दोन गाड्या एकमेकींवर आदळतात. गणित फसलं तरी उत्तर बघून कळतं, चेंडू जमिनीच्या खाली सहा मीटरवर जाऊन पडला म्हणजे काहीतरी गडबड आहे. मग येतो दुसरा कोर्स, इलेक्ट्रिसिटी, वेव्ह्ज आणि ऑप्टिक्स, आणि त्यात दिसणारं असं काही नसतंच. चार्ज दिसत नाही, फील्ड दिसत नाही, करंट दिसत नाही (दिसला तर बहुतेक तेवढंच दिसणार), आणि प्रकाश, ज्याच्यामुळे बाकी सगळं दिसतं, तो स्वतः नेमका काय आहे हे आत्ता विचारू नका असं सर पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळे होतात.

न दिसण्याची सवय होते हो. ज्याची होत नाही ते म्हणजे वजाचं चिन्ह. माझं आता ठाम मत आहे की हा कोर्स विजेचाही नाही, लाटांचाही नाही आणि भिंगांचाही नाही, तो सेमिस्टरभर चालणारा मायनसचा कोर्स आहे, बाकीचं सगळं निमित्त.

सुरुवातच बघा. १७४७ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने प्लस आणि मायनस ही भानगड काढली. त्याची कल्पना अशी की वीज हा एकच काहीतरी प्रवाही पदार्थ आहे, एखाद्या वस्तूत तो जास्त झाला की प्लस, कमी पडला की मायनस. आता जास्त कोणाकडे आणि कमी कोणाकडे हे कळायला त्या काळी काहीच मार्ग नव्हता, त्यामुळे त्याने एक बाजू धरली आणि ठोकून दिलं. पुढे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि कळलं की तारेतून खरोखर जो सरकतो तो निघाला मायनस. म्हणजे दीडशे वर्षं लोक करंटचे बाण उलटे काढत होते. हे ऐकून मला वाटलं आता सर म्हणणार, मग सगळ्यांनी बाण सुलटे केले. छे. सर म्हणाले, "म्हणून करंट इकडे, इलेक्ट्रॉन तिकडे," फळ्यावर दोन बाण काढले आणि पान उलटलं. एवढ्या मोठ्या जगाने एकत्र बसून असं ठरवलंय की आता कोण बदलत बसणार, राहू दे! आणि गंमत म्हणजे ज्याच्यासाठी एवढं रामायण तो इलेक्ट्रॉन साध्या तारेत सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाही. दिवा लगेच लागतो तो फील्ड तारेभर झटक्यात पसरतं म्हणून, इलेक्ट्रॉन बिचारा अजून बटणापाशीच असतो, आणि तोंडही उलट्या दिशेला.

मग कुलॉम. १७८५ मध्ये त्याने बारीक तारेला आडवी काडी टांगून दोन चार्जमधला जोर मोजला, माणूस चिकाटीचा, मला त्याच्याबद्दल आदर आहे. चार्ज मोजायच्या, त्याच्या नावाच्या युनिटबद्दल नाही. एक कुलॉमचे दोन चार्ज एक मीटरवर ठेवले तर त्यांच्यात जोर येतो नऊ अब्ज न्यूटन, म्हणजे साधारण नऊ लाख टन वजनाइतका. आणि गणितात बिनदिक्कत लिहिलेलं असतं, "दोन लहान गोळ्यांवर प्रत्येकी एक कुलॉम चार्ज आहे," जणू हे गोळे कोणीतरी टेबलावर ठेवून चहाला गेलंय.

पण मुद्दा मायनसचा. कुलॉमच्या फॉर्म्युल्यात चार्जचं चिन्ह टाकायचं नाही, असं सरांनी बजावून सांगितलं, फक्त आकडा काढा, ओढतोय का ढकलतोय ते चित्र बघून ठरवा. आम्ही सगळ्यांनी वहीत चौकट करून लिहिलं, चिन्ह टाकायचं नाही. पुढच्या आठवड्यात पोटेन्शियल आलं, म्हणजे एखाद्या जागी दर कुलॉममागे किती एनर्जी ते, फॉर्म्युला दिसायला अगदी सख्खा भाऊ, खाली एक आर (म्हणजे अंतर) कमी एवढाच फरक. सर म्हणाले, "इथे चिन्ह टाकायचंच, विसरलात तर मार्क गेले." वर्गात एक मोठा सामूहिक उसासा झाला. कारण आहे त्याला, फोर्सला दिशा असते आणि पोटेन्शियलला नसते, हे आता सांगायला मला काहीच वाटत नाही, पण त्या क्षणी वाटलं की ही माणसं मुद्दाम करतात.

या सगळ्यात एकच माणूस मला दयाळू भेटला तो किरखॉफ. १८४५ मध्ये त्याने सर्किटचे नियम मांडले तेव्हा तो स्वतःच एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणूनच असेल, पण त्याच्याकडे मुभा आहे. करंटची दिशा कुठली धरू? धर तुला वाटेल ती. उलटी असली तर? उत्तर मायनस येईल, म्हणजे समजायचं की करंट उलटा आहे, बाकी आकडा बरोबर. संपूर्ण कोर्समध्ये एवढं समजूतदार वाक्य दुसरं नाही. फक्त अट अशी की धरलेली दिशा शेवटपर्यंत धरून ठेवायची, आणि तिथेच माणसं फसतात, कारण तिसऱ्या लूपपर्यंत (सर्किटमधला एक बंद फेरा म्हणजे लूप) येऊन एखाद्याला शहाणपण सुचतं की अरे हा करंट तर स्पष्ट डावीकडे जाणार, तो गुपचूप एक बाण फिरवतो, आणि मग तीन समीकरणांतून असे आकडे बाहेर पडतात की बॅटरीच बल्बकडून चार्ज होत असते.

त्यानंतर हातांचं प्रकरण. मॅग्नेटिझम आला की फिजिक्स कागदावरून माणसाच्या पंज्यात शिरतं. उजव्या हाताचा अंगठा करंटकडे, बोटं वळतील तसं फील्ड, इथपर्यंत ठीक. मग फ्लेमिंगचा डावा हात मोटरसाठी, उजवा जनरेटरसाठी, अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना काटकोनात, जी निसर्गाने तशी बनवलेलीच नाहीत. शिवाय चार्ज इलेक्ट्रॉनचा असेल तर सगळं करून झाल्यावर शेवटी उलटं करायचं, पुन्हा फ्रँकलिन. परीक्षेत हा प्रश्न आला की हॉल बघण्यासारखा असतो. अख्खा वर्ग मान वाकडी करून स्वतःचा मनगट पिरगाळतोय, कोणी पेपरच फिरवतोय, कोणी खुर्चीतून अर्धवट उठून अंगठा जमिनीकडे करतोय, आणि सुपरव्हायझर हिस्ट्रीच्या, त्यांची ठाम समजूत की या खाणाखुणा करून एकमेकांना उत्तरं सांगतायत. त्यात उजव्या हाताने लिहिणाऱ्यांची पंचाईत वेगळीच, पेन उजव्या हातात अडकलेलं, मोकळा असतो तो डावा, आणि घाईत माणूस मोकळ्या हाताने नियम लावतो. सगळं बरोबर, फक्त मायनस.

आणि मग लेंझ. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबक कॉइलजवळ हलवला की करंट निर्माण होतो, आणि १८३४ मध्ये लेंझने सांगितलं की हा करंट नेहमी अशाच दिशेने वाहतो की जो बदल चाललाय त्याला विरोध होईल. म्हणून फॅरेडेच्या समीकरणात सुरुवातीलाच एक मायनस, बाकी काही लिहायच्या आधी. घरात एक काका असतात ना, टीव्ही इकडून तिकडे सरकवू म्हटलं तरी नाही, आणि सरकवल्यावर परत पूर्वीच्या जागी आणू म्हटलं तरी नाही, तसा हा नियम. चुंबक आणला तर येऊ नको म्हणतो, नेला तर जाऊ नको म्हणतो. सरांनी तांब्याची पोकळ नळी उभी धरली आणि वरून एक छोटा दणकट चुंबक सोडला. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आधी दाखवलं. तरी तो चुंबक नळीतून असा निवांत उतरत आला की आम्हाला वाटलं आत कुठेतरी अडकला. तो मायनस नसता तर? सरांनी विचारलं. करंटने चुंबकाला अजून जोरात ढकललं असतं, त्याने करंट अजून वाढला असता, त्याने चुंबक अजून जोरात, फुकटची एनर्जी, आणि आपण सगळे इथे बसलोच नसतो. या एका मायनसवर माझा राग नाही. बाकीच्यांवर आहे.

लाटांचं थोडक्यात आटपते, कारण ते आमच्या सेमिस्टरमध्येही थोडक्यातच आटपलं होतं. सरकणारी लाट लिहायची साइन (त्रिकोणमितीतला), कंसात केएक्स वजा ओमेगा टी, एक्स म्हणजे जागा, टी म्हणजे वेळ. ही लाट जाते उजवीकडे. वजा असून उजवीकडे! अधिक लिहिलं तर डावीकडे. यावर वर्गात जी काय खळबळ झाली ती झाली, मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं की सर, कंसात उलटं लिहिलं, ओमेगा टी वजा केएक्स, तर? तर सुद्धा उजवीकडेच. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. आवाज करणारा किंवा ऐकणारा पळत असला की सूर बदलतो, त्या डॉप्लरच्या फॉर्म्युल्यात तर चिन्हं ठरलेलीच नसतात, वर अधिक-उणे, खाली उणे-अधिक, कोण कोणाकडे पळतंय बघून निवडा. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये एका माणसाने रेल्वेत ट्रंपेटवाले बसवून आणि रुळांशेजारी जाणकार संगीतकार उभे करून हे तपासलं होतं. त्या संगीतकारांचं मला भारी वाटतं, त्यांना फक्त ऐकायचं होतं, चिन्ह निवडायचं नव्हतं.

ऑप्टिक्स मात्र कळस. इथे साइन कन्व्हेन्शन नावाची गोष्ट असते, म्हणजे कुठलं अंतर प्लस आणि कुठलं मायनस धरायचं याचा नियम, आणि ती एक नसते, दोन असतात. सर जी शिकवतात त्यात सगळी अंतरं भिंगापासून मोजायची, प्रकाशाच्या दिशेने प्लस, उलट मायनस, त्यामुळे समोर ठेवलेली वस्तू पहिल्याच ओळीत मायनस होते, आणि फॉर्म्युला असतो एक छेद व्ही वजा एक छेद यू बरोबर एक छेद एफ (व्ही प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ फोकल लेंथ). लायब्ररीतून आणलेल्या जाडजूड रेफरन्स बुकात खऱ्या गोष्टी प्लस आणि आभासी मायनस, वस्तू प्लस, आणि फॉर्म्युल्यात मध्ये अधिक. दोन्ही बरोबर. २० सेंटिमीटर फोकल लेंथचं बहिर्गोल भिंग, वस्तू १२ सेंटिमीटरवर, सरांच्या पद्धतीने उत्तर मायनस ३०, पुस्तकाच्या पद्धतीने पण मायनस ३०. म्हणजे प्रतिमा आभासी, वस्तूच्याच बाजूला. पण अर्ध्या वर्गाने काय केलं, फॉर्म्युला सरांचा घेतला आणि वस्तूचं चिन्ह पुस्तकातलं. उत्तर आलं साडेसात. दिसायला काय सभ्य आकडा, भिंगाच्या पलीकडे साडेसात सेंटिमीटरवर खरीखुरी प्रतिमा, संशय यायला काही कारणच नाही. पेपर परत आले तेव्हा सरांनी फळ्यावर फक्त ७.५ लिहिलं आणि आमच्याकडे बघत राहिले. साडेसाती, दुसरं काय.

प्रॅक्टिकलला न्यूटन्स रिंग्ज. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवायचं, वरून सोडियम लॅम्पचा पिवळा उजेड, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, आणि मायक्रोस्कोपमधून बघितलं की काळी-पिवळी वर्तुळं. (न्यूटनचं म्हणणं की प्रकाश म्हणजे कण, आणि त्याच्या नावाची ही वर्तुळं शिकवतात ती प्रकाश म्हणजे लाट हे दाखवायला. जिवंत असता तर नाव काढून घेतलं असतं.) डावीकडे विसाव्या रिंगवर जायचं आणि तिथून रीडिंग घेत घेत उजवीकडच्या विसाव्यापर्यंत यायचं, स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, मध्ये जरा जरी मागे घेतला की बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या ढिलेपणामुळे रीडिंग चुकतं, आणि सगळं पहिल्यापासून. मी डोळा लावून बसले, पार्टनर रीडिंग लिहितेय. "अगं ही चौदावी का तेरावी?" "मला काय माहीत, बघतेयस तू." "मोजत तू होतीस ना!" असं बराच वेळ. सोडियमच्या त्या उजेडात सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात, त्यामुळे नक्की कोण रागाने लाल झालंय ते कळत नाही.

पण खरं सांगू का, मधला तो काळा ठिपका मला आवडला. भिंग जिथे काचेला टेकतं तिथे मध्ये हवा नाही, भिंगावरून आणि काचेवरून परतणाऱ्या दोन किरणांच्या वाटेत फरक शून्य, दोन्ही लाटा जुळणार, म्हणजे हिशोबाने तिथे लखलखीत पाहिजे. आणि तिथे काळं. कारण खालच्या काचेवरून परतणारी लाट उलटी होऊन येते आणि भिंगाच्या खालच्या पृष्ठभागावरून परतणारी तशीच येते, एक प्लस एक मायनस, बेरीज शून्य. इतके महिने वहीतून छळणारा मायनस पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसला.

व्हायवाला नेमका तोच प्रश्न आला, मध्ये काळं का. मी घडाघडा सांगितलं. एक्सटर्नल सर खूश, म्हणाले खालून, आरपार आलेल्या प्रकाशात बघितलं तर? मध्ये उजेड, बाकीच्या रिंगा पण उलट्या. अजून खूश. मला वाटलं आता सोडतील, तर म्हणाले, "बरं शेवटचं. समोर कागदावर उभी तार आहे, करंट वरच्या दिशेने. तारेच्या उजव्या बाजूला मॅग्नेटिक फील्ड कुठे?"

मी उजवा हात टेबलाखाली नेला, अंगठा वर केला. समोर बघते तर त्यांचा पण उजवा हात टेबलावर नव्हता, आणि खांदा किंचित हलत होता. मी म्हटलं, "कागदाच्या आत." ते क्षणभर थांबले, खांदा अजून एकदा हलला, आणि म्हणाले, "हं, बरोबर. नेक्स्ट."