मेल आयडी दान करा, पुण्य कमवा

परवा लक्ष्मी रोडला मोजे घेतले. एक जोड, ९० रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, मेल आयडी?" म्हटलं, मोज्यांना कशाला? तर म्हणे त्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. मागे रांग, बाहेर नो पार्किंगमध्ये स्कूटर, दिला बापडा. तेव्हापासून त्या दुकानाचे सतरा मेल आलेत. मोजे अजून एकदाच घातलेत.

ज्यांना हे सुख अजून लाभलेलं नाही त्यांनी खालीलप्रमाणे वागावं.

सगळीकडे एकच आयडी द्या. बँक, पीएफ, लेकीचं कॉलेज आणि मोजे, सगळे एका ताटात. काही अतिशहाणे दुकानांसाठी वेगळा आयडी काढतात, किंवा जीमेलमध्ये आपल्या नावापुढे प्लसचं चिन्ह टाकून दुकानाचं नाव जोडतात, मेल आपल्यालाच येतो आणि पत्ता कुणी फोडला तेही कळतं. कशाला हव्यात नसत्या चौकशा?

मेल आला की उघडा, चित्रं दिसू द्या. पुष्कळदा त्यात ठिपक्याएवढं एक चित्र दडवलेलं असतं, ते लोड झालं की पाठवणाऱ्याला कळतं, गिऱ्हाईक जागं आहे. सेटिंगमध्ये हे बंद करता येतं, पण मग त्याला आपली खुशाली कोण कळवणार?

स्पॅमचं बटण दाबू नका, उगाच नकोसे मेल अडवणारा फिल्टर शहाणा होतो.

सोसायटीच्या टँकरच्या मेलला रिप्लाय ऑल करा. तुमचं 'नोटेड' चौऱ्याऐंशी घरांना कळायलाच हवं.

आता अनसबस्क्राईब, म्हणजे त्यांच्या मेलच्या यादीतून आपलं नाव काढणं. हे जरूर करा, वेळ छान जातो. आधी ते शोधा, मेलच्या पार तळाशी, राखाडीवर राखाडी, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं बरी इतकं बारीक. दाबलं की म्हणतो लॉगिन करा. अहो मी मोजे घेतलेत, खातं कधी उघडलं? मग ओटीपी, मग "आम्हाला का सोडून जाताय" म्हणून सहा पर्याय आणि शेजारी रडणारं कुत्र्याचं पिल्लू, त्यात "कारण मी तुम्हाला बोलावलंच नव्हतं" हा पर्याय नाही, मग रोज नको तर आठवड्याला पाठवू का, आठवड्याला नको तर फक्त सणांना पाठवू का, आणि सगळं करून शेवटी काय, तर दहा दिवस लागतील! नाव घालायला दहा सेकंद, काढायला दहा दिवस, काय हाताने खोडताय का रजिस्टरमधून? ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५००० च्या वर) गूगल आणि याहूने २०२४ पासून सांगितलंय की जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे आणि दोन दिवसांत नाव निघालं पाहिजे. आमचे मोजेवाले हे दोन दिवस कुठल्या पंचांगातले धरतात देव जाणे.

अनोळखी लॉटरीवाल्याच्या मेलमधलं अनसबस्क्राईब मात्र लगेच दाबा. आयडी चालू आहे याची पावती त्याला घरपोच.

आणि हा प्रकार आजचा समजू नका. ३ मे १९७८ ला अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यावर, सुमारे ४०० जणांना एकदम कॉम्प्युटरची जाहिरात धाडली होती. लोक तेव्हाही भडकले होते. जाहिरातवाल्यांनी त्यातून फक्त पत्ते गोळा करायला शिकून घेतलं.

मागच्या मंगळवारी लेकीच्या हॉस्टेलच्या फीचा मेल आला. सब्जेक्ट, 'लास्ट डे'. त्याच्या वर सेलचा 'लास्ट डे', खाली कर्जवाल्याचा 'लास्ट डे', मध्ये आमचा खराखुरा लास्ट डे. सगळे एका झटक्यात डिलीट केले. लेट फी ५००. म्हणजे मोजे ५९० ला पडले.

हसू नका. तुम्हीही देताच. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करणारे आपण, काउंटरवर कुणी विचारलं की पोपटासारखा आयडी, नंबर, वाढदिवस, सगळं सांगून मोकळे. वर घरी येऊन चिडचिड. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना स्पष्ट सांगितलं की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरचा हट्ट धरू नका. नंबरची ही गत, मग मोज्यांना मेल आयडी कशाला लागतो रे? नाही म्हणा की! लाज कसली वाटते? सिस्टीम पुढे जात नसेल तर मोजे तिथेच ठेवा आणि बाहेर पडा. त्या पोरावर मात्र ओरडू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं. मालकाला बोलवा म्हणावं.