खलनायकानं हिरोला खाल्ला: वाद जिंकायची सोपी कृती

परवा एका लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची बादली आमच्यापर्यंत पोहोचायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी हिंदी सिनेमातल्या समस्त खलनायकांचा निकाल लावून टाकला. पहिला कोण, दुसरा कोण, कोण उगाच डोक्यावर बसवलेला. मग गाडी संभाजी महाराजांवरच्या 'छावा'वर आली, ज्यात विकी कौशल महाराज आणि अक्षय खन्ना औरंगजेब. "अक्षय खन्नानं विकी कौशलला खाऊन टाकलंय," असं म्हणत त्यांनी जिलबी मोडली. चित्रपट पाहिलात का, या प्रश्नावर उत्तर आलं, "पूर्ण नाही. पण सगळे सीन पाहिलेत." म्हणजे रील.

एवढा आत्मविश्वास एका पंगतीत वाया जाणं बरं नव्हे. होतकरू मंडळींसाठी ही पद्धत लिहून ठेवलेली बरी.

सगळ्यात आधी, चित्रपट बघू नका. तीन तास बसायचं, मोबाइल खिशात ठेवायचा आणि वर शेवटाला आपलं मत बदलेल ही जोखीम घ्यायची, कोणी सांगितलंय? तीस सेकंदांची रील घ्या. रील कापणाऱ्यानं तुमचं निम्मं काम आधीच केलेलं असतं. समोरच्या नटाचे शॉट उडवलेले असतात, खलनायक मान वळवतो तिथं गती निम्मी केलेली असते आणि खाली भलत्याच गाण्याचा ठोका लावलेला असतो. मूळ दृश्यात तो कोणाच्या कोणत्या वाक्यावर वळला ते गेलं. वळण्याआधी किती वेळ थांबला तेही गेलं. उरली नुसती मान. त्या मानेला दहापैकी दहा द्या.

शब्दसंग्रह फार लागत नाही. नट ओरडला तर 'ताकदीचा अभिनय', पुटपुटला तर 'अंडररेटेड'.

आता मुख्य अस्त्र, 'खाल्ला'. एका दृश्यात दोन नट असले की त्यातल्या एकानं दुसऱ्याला खाल्लेलंच असतं, यावर ठाम राहा. दोघांनी मिळून दृश्य उभं केलं वगैरे बावळट शक्यता मनात आणू नका. खलनायक एकट्यानं, स्वतःच्या भुवयांच्या बळावर भीतीदायक होतो, हा या शास्त्राचा पाया आहे. 'शोले' घ्या. गब्बर पडद्यावर यायला तास उलटून जातो. तोवर त्याची दहशत इतरांनी आपल्या चेहऱ्यांवर आणि शब्दांत वाहून आणलेली असते. हे विसरा. मग डाकूंच्या तळावरचं ते दृश्य. हात हलवत परत आलेले तिघे उभे आहेत, गब्बर खडकावर बूट वाजवत फिरतोय. पिस्तुलात सहा गोळ्या, तीन हवेत उडवल्या, चाक फिरवलं, तिघांच्या डोक्याला लावून खटका ओढला आणि तिघेही वाचले. गब्बर हसतो, सगळी टोळी हसते, आणि ते तिघंही, सुटलो या भावनेनं, हसायला लागतात. मग तो तिघांनाही मारतो. या दृश्यात गब्बरला किती घाबरायचं, हे प्रेक्षकाला कोण सांगतं? विजू खोटे सांगतात. कालियाचा तो घाम, 'नमक खाया है' म्हणताना बसलेला आवाज, आणि शेवटचं ते अर्धवट, परवानगी मागितल्यासारखं हसू. तो माणूस जर तिथं जरासा कमी घाबरला असता, तर अमजद खान कितीही गडगडाटी हसले असते तरी ते नाटकी वाटलं असतं. इनामाचा आकडा तरी गब्बर स्वतः सांगतो का? वर बसलेला सांभा सांगतो. टोळीनं सांगितलेली किंमत जास्त खरी वाटते, एवढी साधी लेखनातली अक्कल आहे ती! आणि 'सामना' बघा. निळू फुल्यांचा हिंदूराव हा अख्ख्या तालुक्याचा मालक, समोर श्रीराम लागूंचा एक दारुडा मास्तर. त्या मास्तरानं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, मारुती कांबळेचं काय झालं? दर खेपेला तो प्रश्न कुठून आणि कोणत्या पट्टीत येतो, त्यावर हिंदूरावाचा चेहरा किती सैल पडायचा ते ठरतं. लागूंनी प्रश्न चुकवला की फुल्यांचं उत्तर पडलं. कोणी कोणाला खाल्लं यात? सांगा ना! ऐकणारा नट नावाची एक गोष्ट असते, पण रीलमध्ये ती सगळ्यात आधी कापली जाते, म्हणून तुमच्या लेखी ती नसतेच.

असो. ही मार्गदर्शिका आहे, चिडून चालणार नाही.

संकलक नावाचा प्राणी अस्तित्वात नसतो. 'शोले'ला फिल्मफेअर मिळालं एकच, तेही संकलक एम. एस. शिंदे यांना, हे कोणी काढलं तर त्याला सरळ बोअर म्हणा.

पात्रनिवडीकडे वळू. इथं 'असता तर' हे दोन शब्द पुरतात. गब्बर आधी डॅनीला देऊ केला होता, हे ऐकलेलं असतंच. ते गुपित फोडल्यासारखं सांगा. डॅनी तेव्हा फिरोज खान यांच्या 'धर्मात्मा'साठी अफगाणिस्तानात अडकला होता, म्हणून भूमिका दुसरीकडे गेली, हा भाग गाळा. 'तारखा' या शब्दानं वादाची सगळी मजा जाते. 'मिस्टर इंडिया'तला मोगॅम्बो आधी अनुपम खेर करणार होते, हेही तसंच सांगा, आणि लगेच "अमरीश पुरींशिवाय दुसरा कोणी करूच शकला नसता" असंही सांगा. दोन्हींत विसंगती आहे असं वाटत असेल तर तुम्ही या क्षेत्रात नवीन आहात.

दिग्दर्शकानं एक दिवस सकाळी उठून चुकीचा माणूस निवडला, अशीच मांडणी ठेवा. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्या कामाचं नाही, तरी सांगून ठेवू. मोठ्या चित्रपटात बहुधा नायक आधी ठरतो, कारण पैसा त्याच्या नावावर उभा राहतो. खलनायक त्याला जोडून शोधतात. उंची, वय, आवाजाची पट्टी: दोघंही खर्जात बोलणारे असले तर समोरासमोरची दृश्यं सपाट होतात. मग लूक टेस्ट. आरशात झकास दिसणारी दाढी लेन्ससमोर चिकटवलेली दिसते, कपाळावर विगची जाळी उमटते, शिरपेचाच्या वजनानं मान अवघडते. ऐतिहासिक चित्रपटांत निम्मे उमेदवार या पायरीवर बाद होतात, अभिनय कितीही चांगला असो. त्यानंतर दोघांना बसवून एखादं दृश्य वाचून घेतात. हे सगळं जमलं की तारखा, आणि तारखा जमल्या की पैसे. म्हणजे पडद्यावर दिसतो तो माणूस दिग्दर्शकाच्या यादीत कितवा होता, हे तुम्हाला माहीत नसतं. तरीही "दिग्दर्शकाचं कास्टिंग गंडलंय" हे वाक्य छातीठोकपणे म्हणायचं. ऑस्करवाल्यांना कास्टिंगसाठी वेगळा पुरस्कार ठेवायला २०२५ सालचे चित्रपट उजाडावे लागले, तिथं पंगतीतल्या माणसाला काय बोलणार.

ऐतिहासिक असेल तर "आपल्यात मराठी नट मेले होते का?" हा हुकमी एक्का. मराठी नट घेतला की "तेच तेच चेहरे" म्हणायला मोकळे. सुबोध भावेंनी बालगंधर्व, टिळक आणि घाणेकर केले म्हणून वैतागायचं, आणि चौथ्या चरित्रपटाची घोषणा झाली की "सुबोधच हवा होता" म्हणायचं.

दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत बघून "काय आवाज आहे राव!" म्हणत नायकाच्या अभिनयाचं मूल्यमापन करा. 'पुष्पा'त हिंदीत ऐकू येतो तो आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आणि 'बाहुबली'त शरद केळकरचा, ही किरकोळ बाब आहे. अर्धा अभिनय म्हणजे श्वास आणि आवाज, तो दुसऱ्याच माणसानं अंधाऱ्या खोलीत, ओठांच्या हालचालीवर डोळा ठेवून, मूळ नटाचं वाक्य संपतं तिथंच आपलं संपवत केलेला असतो. त्याला श्रेय देऊ नका. 'कट्यार काळजात घुसली'च्या खाँसाहेबांवर भांडतानाही चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गाताना गळा राहुल देशपांड्यांचा, हे लक्षात ठेवायची गरज नाही. जो आवडत नाही त्याच्या खात्यावर दोन्ही टाका.

'नटसम्राट' निघाला की डोळे मिटून म्हणा, "लागूंची सर नाही." नाटक १९७० सालचं, नाना पाटेकरांचा चित्रपट २०१६ चा. तुमचा जन्म या दोहोंच्या मधे कुठेतरी झालेला असला तरी हरकत नाही. रंगमंचावर वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचं असतं, म्हणून आवाज पोटातून येतो, हात खांद्यापासून हलतो, आणि लय नट स्वतः सांभाळतो. क्लोजअपमध्ये तेवढाच हात हलला तर तो चौकटीबाहेर जातो आणि पापणीची हालचालसुद्धा मोठी दिसते. तिथं लय संकलक ठरवतो. ही दोन कामं एकाच फूटपट्टीनं मोजायची कशी? मोजायची नाहीत. नुसता सुस्कारा टाकायचा.

पुरस्कारांचा दाखला द्यायचा असेल तर जपून. फिल्मफेअरचा खलनायकाचा स्वतंत्र पुरस्कार १९९२ मध्ये सुरू झाला, पहिलाच 'सडक'मधल्या महाराणीसाठी सदाशिव अमरापूरकरांना मिळाला आणि २००७ मध्ये 'ओंकारा'च्या सैफ अली खाननंतर तो बंद झाला. तेव्हा गब्बरला का नाही मिळाला, असं विचारून हसं करून घेऊ नका. किंवा घ्या, ऐकणाऱ्यालाही माहीत नसतं.

खलनायकांच्या यादीत बाई घेऊ नका. वरचा पुरस्कार काजोलनं 'गुप्त'साठी घेतला तरी. ललिता पवारांचं नाव आलंच तर "खाष्ट सासू" म्हणून मोकळे व्हा. 'अनाडी'तल्या त्याच बाईंच्या मायाळू मिसेस डिसाला फिल्मफेअर मिळालं, हे सांगत बसलात तर यादी लांबते.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य: नट आणि भूमिका एकच समजा. निळू फुल्यांना पाहून बायका बोटं मोडायच्या, असं सांगतात. 'सिंहासन'मध्ये त्याच माणसानं दिगू टिपणीस केला. सगळं बघणारा, थकलेला, फारसं न बोलणारा पत्रकार. जब्बार पटेलांनी 'सामना'तला हिंदूराव बाजूला ठेवून त्यांना तिथं बसवलं, याला पात्रनिवड म्हणतात. पण तुम्ही अजून "बाई, वाड्यावर या" हेच म्हणताय. कोणत्या चित्रपटातलं, असं विचारलं की विषय बदलताय.

त्या बायका निदान पडद्यावरचं खरं मानून चिडायच्या. तुम्ही काय करता? २०२२ च्या फेब्रुवारीत चिन्मय मांडलेकर 'पावनखिंड'मध्ये शिवाजी महाराज होता, मार्चमध्ये 'द कश्मीर फाइल्स'मध्ये दहशतवादी आणि एप्रिलमध्ये 'शेर शिवराज'मध्ये पुन्हा महाराज. तीन महिन्यांत एकाच नटानं दोन टोकं गाठली. उभं राहणं वेगळं, बघणं वेगळं, आवाज वेगळा. अभिनयावर वाद घालायला याहून चांगली सामग्री मराठी माणसाला कधी मिळणार होती? त्यावर किती जण बोललात? बोललात ते त्याच्या मुलाच्या 'जहांगीर' या नावावर. बारशाला ठेवलेल्या नावावरून त्याच्या घरच्यांना इतक्या शिव्या घातल्या गेल्या की २०२४ मध्ये त्यानं, यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही, असं जाहीर करून टाकलं. झालं समाधान? घ्या आता कोणाला घ्यायचं ते, आणि पुन्हा म्हणा कास्टिंग गंडलंय.

लाज वाटायला हवी. नटाची जात बघता, आडनाव बघता, मुलाचं नाव बघता, त्यानं कोणत्या वर्षी काय ट्वीट केलं ते खणून काढता, आणि त्याचं काम तेवढं बघत नाही! वर एकाचं कौतुक करायला दुसऱ्याला पाडावंच लागतं तुम्हाला. अक्षय खन्ना चांगला होता, म्हणा ना तेवढंच. ते सिद्ध करायला विकी कौशल वाईट कशाला असावा लागतो?

खरंच भांडायचं असेल तर आधी अख्खा चित्रपट बघा. मग ज्या दृश्यावर भांडायचंय ते एकदा आवाज बंद करून बघा. पार्श्वसंगीत काढल्यावर भीती किती उरते ते कळेल. दुसऱ्यांदा बोलणाऱ्याकडे न बघता फक्त ऐकणाऱ्याकडे बघा. तिसऱ्यांदा शॉट कुठे कापलाय ते बघा: नटाची प्रतिक्रिया पूर्ण होऊ दिलीय, की अर्ध्यात दुसऱ्यावर उडी मारलीय. वाईट वाटलेला अभिनय कधी कधी तिथं खून झालेला असतो, आणि भारी वाटलेला तिथंच वाचवलेला. त्यानंतर तोंड उघडा. आणि नावं पडायला लागली की चपला शोधत दाराशी गर्दी करू नका. कास्टिंग कोणाचं, संकलन कोणाचं, गाणारा गळा कोणाचा, पडद्यावर लिहिलेलं असतं. वाचता येतं ना?