'तो लढून आलाय' म्हटलं की वाद संपतो का?

सैन्यात राहून आलेला पत्रकार संस्कृतीवर, राजकारणावर लिहू लागला की पुष्कळदा चर्चाच थांबते. 'तो लढून आलाय' म्हटलं की झालं! लढलेल्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेवढ्यामुळे त्याची मतं आपोआप बरोबर ठरतात, हे मला मुळीच मान्य नाही.

पुढे इटलीचा हुकूमशहा झालेल्या मुसोलिनीचं बघा. मूळचा पत्रकार, समाजवादी दैनिक 'अवांती'चा संपादक. पहिल्या महायुद्धात उतरण्याची बाजू घेतली म्हणून १९१४ मध्ये पक्षाने काढून टाकलं. मग आघाडीवर गेला, १९१७ मध्ये सरावात उखळी तोफेचा स्फोट होऊन जखमी झाला. परत आल्यावर स्वतःच्या वर्तमानपत्रात लिहू लागला, की यापुढे देश खंदकातून आलेल्यांनीच चालवायचा. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

इंग्रज लेखक-पत्रकार जॉर्ज ऑर्वेलही खंदकातलाच. स्पेनमध्ये जनरल फ्रँकोच्या फॅसिस्ट बंडामुळे यादवी युद्ध पेटलं होतं. १९३६ च्या डिसेंबरात बार्सिलोनाला पोचला आणि फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या डाव्यांच्या मिलिशियात, म्हणजे स्वयंसेवकांच्या सैन्यात, भरती झाला. आरागॉनच्या आघाडीवर हातात आली ती चाळीस वर्षांची जुनी मॉसर रायफल. त्या थंडीत काळजी कशाची, तर आधी जळण, मग अन्न, तंबाखू, मेणबत्त्या, आणि सगळ्यात शेवटी शत्रू. एकदा समोरून एक फॅसिस्ट सैनिक सुटलेली पँट दोन्ही हातांनी धरून पळताना दिसला, तर याला गोळी झाडवेना. मे १९३७ मध्ये त्याच्याच गळ्यातून गोळी आरपार गेली.

पण मला वाटतं, त्याला खरं घडवलं ते गोळीने नाही, वर्तमानपत्रांनी. ज्यांच्याबरोबर तो खंदकात कुडकुडला, त्याच पोरांना फ्रँकोविरोधी बाजूचीच कम्युनिस्ट वर्तमानपत्रं फ्रँकोचे हस्तक म्हणत होती. तो इंग्लंडला परतला, तर डाव्या विचारांच्या 'न्यू स्टेट्समन'ने त्याचा लेख नाकारला. आपलीच बाजू खोटं छापते आहे, हे त्याने पाहिलं आणि लिहिलं. लढाईतून परतून शत्रूला शिव्या देणारे शेकड्यांनी मिळतील. स्वतःच्या गोटाबद्दल असं लिहायला फार मोठी छाती लागते.

बरं, म्हणून तो युद्धालाच विटला का? नाही. फ्रँकोशी लढणं योग्यच होतं, हे मत त्याने सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटनच्या होम गार्ड या स्वयंसेवी संरक्षण दलातही दाखल झाला. असा माणूस लिहितो तेव्हा मी शब्द न् शब्द वाचते, आणि नाही पटलं तर त्याच्याशीही वाद घालते.