"ह्याला कुठेतरी टाकू"

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, म्हणजे तरी शांत होईल.

भाचा सुट्टीला आलाय. सतरा वर्षांचा, माझ्यासारखाच बास्केटबॉलवेडा. चहाला बसले तर समोर लॅपटॉपवर ईएसपीएनचं ट्रेड मशीन उघडलेलं. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, टीम निवडायच्या, खेळाडू इकडचे तिकडे सरकवायचे, पगाराचा हिशोब नियमात बसला की झाला ट्रेड. ह्यानं पाच टीमचा जुळवत आणला होता. तास-दीड तास खपला असेल. मग मान वर करून म्हणतो, "मावशी, सगळं बसलं बघ. फक्त बडी हील्डचा कॉन्ट्रॅक्ट उरलाय. त्याला कुठेतरी टाकू."

कुठेतरी टाकू!

आई शेजारीच मेथी निवडत होती. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. मी मात्र त्या पोरावर अशी ओरडले की तो बिचारा लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला.

हेच शब्द मी चौथीत असताना ऐकले आहेत. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आजच्या शिक्षक मंडळींना बदल्यांमधला "खो", म्हणजे एकानं दुसऱ्याला उठवून त्याची जागा घेणं, म्हटलं की बाकी काही सांगावं लागणार नाही. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं, पण साखळी हीच. एका बाईंना तालुक्याच्या गावी यायचं होतं. त्यासाठी तिथल्या गुरुजींना हलवायचं. गुरुजींना रस्त्यावरची शाळा हवी, म्हणून तिसऱ्याला उचलायचं. आणि तिसऱ्याला जागा करून द्यायला चौथं माणूस लागत होतं. चौथी माझी आई. तिनं अर्ज केला नव्हता, तिची कुणाची तक्रार नव्हती, तिच्या वर्गातली पोरं स्कॉलरशिपला बसायची होती. विचारायला म्हणून ती ऑफिसात गेली तेव्हा मी तिचा हात धरून दाराबाहेर उभी होते. आतून आवाज आला, "मग ह्या बाईंना कुठेतरी टाका ना."

तर मुद्दा असा की पाच-सहा टीमचा ट्रेड म्हणजे हीच साखळी असते. ज्या दोघांना खरा सौदा करायचा असतो त्यांचे पगार जुळत नाहीत. टीमच्या एकूण पगाराला ठरावीक रेषा आहेत, त्यातल्या सगळ्यात वरच्या, "दुसरा एप्रन" म्हणतात त्या रेषेच्या वर असलेल्या टीमला तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणताही येत नाही. मग तिसरी टीम शोधायची, जिच्याकडे पगाराला जागा आहे. ती नको असलेला कॉन्ट्रॅक्ट पोटात घेते आणि बदल्यात ड्राफ्टमधले, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यातले, सेकंड राउंडचे एक-दोन पिक (निवडीचे हक्क) मागते. तिसरीचं गणित बिघडलं की चौथी. शिवाय अशा ट्रेडमध्ये प्रत्येक टीमचा किमान दोन टीमशी तरी देण्याघेण्याचा संबंध यावा लागतो, म्हणून कधीकाळी ड्राफ्ट झालेल्या आणि अमेरिकेत कधी न आलेल्या कुणाचे तरी हक्क इकडून तिकडे द्यायचे. ह्यात डोकं लागतं, मान्य. मलाही हे कोडं आवडतं. २००५ साली पाच टीमच्या ट्रेडमधून अँटवान वॉकर मायामीला गेला आणि पुढच्याच वर्षी मायामी चॅम्पियन झाली, तेव्हा तो सगळा हिशोब मी वहीत मांडून बसले होते.

पण जुलै २०२५ मध्ये केव्हिन ड्युरांट ह्या स्टारचा सात टीमचा ट्रेड झाला तेव्हापासून ह्या पोरांचं भलतंच सुरू झालंय. सात टीम, तेरा खेळाडू. आणि त्या तेरांपैकी निम्म्याहून जास्त कोण, तर दहा-बारा दिवसांपूर्वी ड्राफ्ट झालेली पोरं. खमन मालुआच दहाव्या नंबरवर निवडला गेला, ह्यूस्टनची टोपी घातली, स्टेजवरून उतरून ढसाढसा रडला. दक्षिण सुदानचा, युगांडात वाढलेला मुलगा. आणि जायचं होतं फीनिक्सला, टोपी घालायच्या आधीच ठरलेलं. भाच्याला विचारलं की त्या ट्रेडमध्ये कोण कोण होतं? ड्युरांट, जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स. चौथं नाव आठवेना. बाकीचे "फिलर".

फिलर म्हणजे काय हो? भिंतीतल्या भेगेत भरतात ते. माणसाला म्हणायचा शब्द आहे का हा?

बडी हील्डचंच घ्या. २०१६ ला न्यू ऑर्लिन्सनं घेतला, पहिला सीझनही पुरा झाला नव्हता तोवर सॅक्रामेंटोला पाठवला. तिथून २०२२ मध्ये इंडियाना, २०२४ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया, आणि त्याच जुलैत क्ले थॉम्पसनच्या सहा टीमच्या ट्रेडमधून गोल्डन स्टेट. मला राग ह्याचा येतो की ह्याच हील्डला आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम, सॅक्रामेंटो किंग्स विरुद्ध इंडियाना पेसर्स. एनबीए पहिल्यांदा भारतात आली होती. भाचा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. हील्ड वॉर्मअपमध्ये एकामागून एक थ्री (तीन गुणांचे शॉट) टाकत होता आणि हा माझ्या शेजारी उभा राहून घसा बसेपर्यंत "बडी, बडी" ओरडत होता. रिक्षात झोपला तेव्हाही तोंडात तेच नाव. आज तेच नाव त्याला "उरलेला कॉन्ट्रॅक्ट" दिसतं. कुणी शिकवलं त्याला हे?

त्याच डोममध्ये आलेल्या किंग्सच्या टीममध्ये हॅरिसन बार्न्स होता. २०१९ च्या फेब्रुवारीत डॅलसकडून मॅच चालू असताना त्याला सॅक्रामेंटोला ट्रेड केला होता. मॅच चालू असताना! त्याला कळलं, आणि तरीही तो मॅच संपेपर्यंत त्याच बेंचवर बसून राहिला.

माझ्या आईला कुठे कळलं माहीत आहे? एसटी स्टँडवर. दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, "अहो, तुमची ऑर्डर निघाली की." आईनं "हो का" म्हटलं आणि पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मला ते अजून दिसतं.

आता म्हणाल, त्यांना कोट्यवधी डॉलर मिळतात. मिळतात. नाही कोण म्हणतंय? आणि ड्युरांट, हार्डनसारखे स्वतःच ट्रेड मागतात हेही खरं. पण ते साखळीचं पहिलं टोक झालं. मी शेवटच्या कडीबद्दल बोलतेय. मला विचारल्याशिवाय ट्रेड करू नका असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घेणारे सगळ्या लीगमध्ये बोटांवर मोजण्याइतके.

२०२३ चा, पोर्झिंगिसला बॉस्टनला आणणारा ट्रेड आठवा. बॉस्टन, वॉशिंग्टन आणि क्लिपर्स असं ठरलं होतं, बॉस्टनचा ब्रॉग्डन क्लिपर्सकडे जाणार होता. त्याच्या मेडिकलवरून क्लिपर्सनी हात वर केले. मध्यरात्रीची मुदत डोक्यावर. मग धावतपळत मेम्फिसला आणलं, आणि ब्रॉग्डनच्या जागी गेला मार्कस स्मार्ट. नऊ सीझन बॉस्टनला दिलेला, वर्षभरापूर्वी लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरलेला माणूस. सकाळी त्याचं नाव त्या कागदावर नव्हतंच. पुढच्या वर्षी बॉस्टन चॅम्पियन झालं, म्हणून सगळे म्हणतात ट्रेड भारी होता. असेल.

आईचं नावही त्या यादीत आधी नव्हतं. चौथ्या जागेवर दुसऱ्याच एक बाई होत्या. त्यांच्या घरातून कुणीतरी कुणालातरी भेटलं, एक नाव गळलं, आणि साखळी तुटू नये म्हणून त्या जागी आईचं आलं. हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. आई म्हणाली, "त्यांची मुलं लहान होती." अगं, आणि मी? मी काय मोठी होते?

पी. जे. टकर. २०२५ चा फेब्रुवारी. क्लिपर्सकडून युटा, युटाकडून मायामी, मायामीकडून टोरोंटो, सगळं एका आठवड्यात. त्या ट्रेडनंतर ह्या तिन्ही टीमकडून एकही मॅच खेळला नाही. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, नुसता कागदावर फिरत होता.

आणि लेकर्सचा लमार ओडम. २०११ चा डिसेंबर. लेकर्स, न्यू ऑर्लिन्स आणि ह्यूस्टन, ख्रिस पॉलसाठी तीन टीमचा ट्रेड. न्यू ऑर्लिन्सची मालकी तेव्हा लीगकडेच होती, लीगचे कमिशनर डेव्हिड स्टर्ननी ट्रेड अडवला. तेव्हापासून चर्चा फक्त पॉल आणि लेकर्सचा कोबी एकत्र आले असते तर काय झालं असतं ह्याची. पण ओडमला कळलं होतं की आपल्या माणसांनी आपल्याला विकायला काढलं होतं. त्यानं स्वतःच निघायची भाषा केली, डॅलसला गेला, आणि पुन्हा पहिल्यासारखा कधीच खेळला नाही. न झालेल्या ट्रेडनं माणूस आतून मोडतो. हे कुठल्या मशीनमध्ये दिसणार?

चहा घेऊन आले. जरा थंड झाले.

एक गोष्ट लिहिली नाही तर ते खोटेपणाचं होईल. हार्डनच्या जानेवारी २०२१ च्या चार टीमच्या ट्रेडमध्ये कॅरिस लव्हर्ट ब्रुकलिनहून इंडियानाला गेला. तो पण मधलीच कडी. ट्रेडच्या मेडिकलमध्ये त्याच्या डाव्या किडनीवर गाठ सापडली. कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, मार्चमध्ये पोरगा परत कोर्टवर. ट्रेड झाला नसता तर ती कधी सापडली असती कोण जाणे. त्यानं स्वतःच तसं बोलून दाखवलं होतं.

आणि आमचं सांगायचं तर, आईला जिथे टाकलं त्या गावात हायस्कूलच्या मैदानात बास्केटबॉलची एक रिंग होती. जाळी नसलेली, जरा वाकलेली. आईची शाळा सुटायची वाट बघत मी तिथे बॉल टाकत बसायचे. मी विद्यापीठाकडून खेळले ते त्या रिंगमुळे. हे मला मान्य करायला आवडत नाही. आईच्या स्कॉलरशिपच्या पोरांचं पुढे काय झालं, ते तिनं कधी विचारलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी भाचा बाहेर आला, आजीजवळ बसला. तिनंच त्याला ट्रेड म्हणजे काय ते विचारलं. त्यानं छान समजावून सांगितलं, कोण कुठे जातो, कोणाला काय मिळतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शाळेतली मुलं असतात का रे त्यांना? फेब्रुवारीत म्हणजे वर्षाच्या मध्येच की." तो म्हणाला, "असतात, आजी." मग दोघं पुढे बराच वेळ मेथीच निवडत बसले.

मित्रमैत्रिणींनो, ट्रेड जुळवू नका असं मी म्हणत नाही. मीही जुळवणार. पुढच्या डेडलाइनला, म्हणजे फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपते त्या दिवशी, रात्री दीड वाजेपर्यंत तुमच्यासारखीच जागी असेन. पण मला पाठवाल तो ट्रेड पूर्ण नावांनिशी पाठवा. चौथ्या टीमचा, पाचव्या टीमचा, सगळ्यांची नावं. "अधिक फिलर" लिहिलेलं असलं तर मी उघडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आईनं ती ऑर्डर अजून ठेवलीय, पत्र्याच्या पेटीत, माझ्या मार्कशीटांच्या खाली. आत्ता काढून बघितली. अनुक्रमांक चार. आडनाव चुकलंय, आणि वर पेनानं बारीक अक्षरात बरोबर लिहिलंय. अक्षर आईचंच आहे.