पहिल्यांदाच रायगडाला निघालाय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी अभिनंदन. स्वराज्याची राजधानी बघायला निघालात. मी गेल्या महिन्यात जाऊन आलो, नववीतली भाची कधी गेली नव्हती म्हणून तिला घेऊन, आणि तिथल्या सराईत मंडळींकडून जे जे शिकलो ते तुमच्यापर्यंत पोचवल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

दिवस रविवारचाच धरा. सोमवारला लागून सुट्टी असेल तर सोन्याहून पिवळं.

मुंबईहून येणार असाल तर मुंबई-गोवा हायवेने या. यावर मला अजून काही बोलायचं नाहीये.

पाचाडला गाडी थांबवू नका. जिजाऊंची समाधी आहे तिथे. पोराचा राज्याभिषेक डोळ्यांनी बघितला ६ जून १६७४ ला आणि अवघ्या ११ दिवसांनी त्या गेल्या, पण ते ठिकाण शांत आहे, गर्दी नाही, चहाची टपरी समोर नाही, मग उतरून करायचं काय?

वर जायला पायऱ्या आहेत, पण तुम्ही रोपवेच्या रांगेत दोन तास उभे राहा, चार-पाच मिनिटांत वर पोचा आणि लगेच 'गड सर केला' असं स्टेटस टाका. (गुडघे गेलेल्यांनी रोपवेनेच यावं, माझी आई पण तशीच आली होती, मी बोलतोय ते पंचविशीतल्या जिमवाल्यांबद्दल.) राज्याभिषेकाला आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन, त्याने दारात उभे असलेले हत्ती बघून लिहून ठेवलंय की एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे. आज तुम्ही वर काय काय आणता ते बघितलं असतं तर बिचारा हत्ती विसरला असता.

तर स्पीकर. ब्लूटूथचा, मोठ्यातला मोठा. तो राजसदरेवरच लावा. कारण काय, तर नगारखान्यापाशी हळू बोललेलं पार सिंहासनापर्यंत ऐकू जातं अशी त्या सदरेची बांधणी आहे, ना माईक ना काही, साडेतीनशे वर्षांपूर्वी, आणि हे शाळेत ऐकलेलं असल्यामुळे आमची भाची सकाळपासून त्याच एका गोष्टीसाठी नाचत होती. ती सिंहासनाच्या जागेवरच्या मेघडंबरीसमोरच्या रेलिंगपाशी उभी, मी नगारखान्यात. मी तिचं नाव कुजबुजलो. पोरगी कान लावून उभी आणि मधे सहा जणांचं टोळकं, महाराजांच्याच गाण्याचं डीजे रिमिक्स लावून, एक जण तलवार उपसल्याची ॲक्शन करतोय आणि दुसरा म्हणतोय परत घे, परत घे, डोळे मिटले. अकरा वेळा घेतलं. मी मोजलं. भाचीला शेवटपर्यंत काही ऐकू आलं नाही, तिने लांबूनच हाताने 'जाऊ दे' केलं.

टकमक टोकावर फोटो रेलिंग ओलांडूनच काढा. त्या टोकाचा मूळ उपयोग काय होता ते तुम्हाला माहीतच असेल.

गाईड अजिबात करू नका, पैसे वाया. केलाच तर त्याला एकच प्रश्न विचारा, सिंहासनाचं सोनं कुठे गेलं? महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने बत्तीस मण लिहून ठेवलंय, त्यामुळे आजच्या भावाने किती होतील हा हिशेब मेघडंबरीसमोर उभं राहून मोबाईलवर करणं आलंच. राजधानी इथेच का आणली, चहूबाजूंनी तुटलेले कडे, एवढ्या वर एवढे तलाव कशाला खणले, हे असले प्रश्न वेळखाऊ असतात.

ताक आणि लिंबू सरबत विकणाऱ्या मावशींशी दहा रुपयांसाठी घासाघीस कराच. सगळं सामान त्या डोक्यावरून आणतात, पण म्हणून काय झालं. नंतर खाली येऊन हॉटेलात एकशे ऐंशीची पनीर हंडी मागवा, तिथे भाव विचारायचा नसतो.

रिकामी बाटली गंगासागरात. सोपं आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव. भिंतीवर स्वतःचं नाव कोरल्याशिवाय खाली उतरायचं नाही. खडू नको, मार्कर नको, पावसाने जातं. गाडीची किल्ली घ्या. बाण काढा, बदाम काढा, खाली गावाचं नाव आणि तारीख टाका म्हणजे पुढच्या पिढ्यांना संशोधनाला बरं पडेल.

मी स्वतः एकाला हे करताना बघितलं. म्हणजे आम्ही जगदीश्वराच्या देवळातून परत येत होतो, आणि देवळात मी भाचीला ती पायरी दाखवली होती, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. हा माणूस म्हणजे हिरोजी इंदुलकर, गड बांधणारा. तिथे भिंतीतला संस्कृत शिलालेख सांगतो की विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे हे सगळं हिरोजीने उभं केलं आणि चंद्रसूर्य आहेत तोवर ते नांदो. आख्खी राजधानी बांधली त्या माणसाने. आणि स्वतःच्या हौसेची जागा कुठली, तर पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतील अशी, एक ओळ. भाची तिथे पाय द्यायला तयार होईना, बाजूने उतरली.

आणि तिथून शंभर पावलांवर हा. कुर्रकुर्र. अंगात काळा टीशर्ट, छातीवर 'राजे' लिहिलेलं. मी म्हटलं, दादा, काय करताय? तर वळून म्हणतो, 'तुमच्या बापाचा गड आहे का?'

अरे तुझा आहे ना! तूच मघाशी सदरेवर गारद म्हणत होतास, घसा फाडून, तूच! जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आले तेव्हा तूच स्टेटसला 'गर्व आहे' टाकलं असशील. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जाळले, ते शत्रू होते, त्यांचं काम होतं ते. तू कोण आहेस? बाहेरच्या कुणी असा एक ओरखडा काढला असता तर तू बस जाळायला निघाला असतास. तीन तासांसाठी आलास, रोपवेने आलास, एक दगड इकडचा तिकडे लावला नाहीस आणि भिंत पाहिजे तुला? आणि तुझ्यासोबतचे ते चौघं, व्हिडिओ काढत हसणारे, त्यातल्या एकालाही हात धरावासा वाटला नाही? भाचीने ओढणीने ते पुसायला घेतलं, पुसलं जातंय होय ते? कातळात गेलंय. ती रडायची बाकी होती आणि तू म्हणतोस 'ओ काका, सोडा ना'.

नाही सोडत. त्या मावशी तुझ्या बाटल्या गोळा करून खाली नेतात, आधी जाऊन त्यांच्यापुढे उभा राहा. आणि ती किल्ली गाडीची आहे ना, मग गाडीला लाव आणि घरी जा.