बिडी, व्हेप आणि ‘चांगल्या घरची मुलं’

सर, बिडीवाल्याला नावं ठेवणारे आपण व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) ओढणाऱ्याला मात्र सोडून देतो, हा वर्गाचा चष्मा आहे, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तरच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : व्यसनाला गरीब-श्रीमंतीचा रंग देऊन मी तंबाखूची पाठराखण करतोय. बिडीवाले कुठेही धूर करतात, थुंकतात, म्हणून लोक नाक मुरडतात. नाशिकच्या कॉलेज रोडवरची व्हेप ओढणारी मुलं ‘चांगल्या घरची’ आहेत, त्यांचा कुणाला त्रास नाही.

पाठराखण मी केलेली नाही, करणारही नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत येत नाही आणि बिडी विझू नये म्हणून जोरजोरात झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत भरपूर जातं. बिडी वाईटच.

पण कायदा काय म्हणतो तेही बघा. बिडी टपरीवर उघड मिळते. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं २०१९ पासून देशभर बंद आहे. विकताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे त्या मुलाच्या खिशातली वस्तू त्याला कुणीतरी गुन्हा करूनच विकलेली असते. तरी ‘वाया गेलेला’ म्हणून बोट दाखवलं जातं ते बिडीवाल्याकडे. यालाच मी वर्गाचा चष्मा म्हटलं होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत रात्रपाळीच्या वॉचमनने गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला बिडी पेटवली. दुसऱ्या दिवशी एजन्सीला फोन गेला, आठवड्याभरात माणूस बदलला. त्याच इमारतीच्या गच्चीवर मुलं व्हेप ओढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं गेलं, ‘वय आहे, सुटेल.’ निकोटीन वय बघून सुटत नाही हो. उलट कोवळ्या वयात त्याची पकड जास्त घट्ट बसते.

थुंकण्याचं म्हणाल, तर त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला मोठ्या गाड्यांच्या काचा खाली होऊन पिचकाऱ्या पडताना तुम्हीही पाहिल्या असतील. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे वगैरे २४.४ टक्के. एवढी माणसं एकाच वस्तीतली असू शकत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात, सिन्नरकडे, कितीतरी घरं बायकांनी बिड्या वळून चालवली. मांडीवर सूप, पान कापायची कात्री, बोटांना कायमचा तंबाखूचा वास, आणि मजुरी हजार बिड्यांमागे. त्या हातांना आपण कामसू म्हणतो आणि ती बिडी ओढणाऱ्याला गलिच्छ.

या नाक मुरडण्याने कुणाचंही व्यसन सुटत नाही, फक्त लपतं. मिश्री लावणारी बाई डॉक्टरांपुढे तोंड उघडायला लाजते, आणि तोंडातला पांढरा चट्टा, जो कर्करोगाची आधीची खूण असू शकतो, वेळेवर कुणाला दिसत नाही. माझा राग या लाजेवर आहे, सर. तुम्ही सोसायटीच्या कमिटीत आहात असं लिहिलंय. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. ती नोटीस बोर्डावर लावा, आणि नव्या वॉचमनला एजन्सीच्या फोनआधी हा नंबर द्या.