सामन्याला जाताय? गाडी न्यायला विसरू नका

पुढच्या क्रिकेट सामन्याची तिकिटं मिळाली असतील तर अभिनंदन. आता तिथे पोचायचं कसं आणि मुख्य म्हणजे त्याच तारखेला परत यायचं कसं, याबद्दल थोडं मार्गदर्शन. परवाच एका मैदानाबाहेर मध्यरात्र उलटून गेल्यावरही गाड्यांच्या रांगा जागच्या हलत नव्हत्या, तेव्हा हे लिहून ठेवणं भाग आहे. मैदानाचं नाव घेत नाही. तुमच्या जवळचं जे असेल तेच समजा, फारसं चुकणार नाही.

सर्वात आधी, गाडी घ्याच. चौघं मित्र जाणार असाल तर चार घ्या. एकाच गाडीतून गेलात तर कोंडीत तुमचं योगदान काय राहिलं?

सामना संध्याकाळी सातचा असेल तर सकाळच्या चहानंतर निघायला हरकत नाही.

वाहतूक बदलाचा आदेश जरूर वाचा. तो आदल्या संध्याकाळी निघतो. अमुक चौकातून डावीकडे वळून तमुक फाट्यामार्गे इच्छित स्थळी जावे, असं त्यात छान मराठीत लिहिलेलं असतं. सोबत नकाशा नसतो. असलाच तर तो व्हॉट्सॲपवरून इतके हात फिरून आलेला असतो की पार्किंगचा पी-५ कुठला आणि पी-६ कुठला ते भिंग लावूनही कळत नाही. तरी मोबाइलमध्ये ठेवा आणि नाक्यावरच्या हवालदाराला दाखवा. तोही पहिल्यांदाच बघत असेल. त्याला बंदोबस्तासाठी भलत्याच ठाण्यातून आणलेलं असतं, दुपारी बारापासून तो उभा आहे आणि त्याच्या हातात शिट्टीखेरीज काही दिलेलं नाही.

गुगल मॅपवर पूर्ण विश्वास टाका. बॅरिकेड कुठे लावलेत हे त्यातल्या बाईंना कोणी कळवलेलं नसतं, पण त्या बोलतात फार ठामपणे.

दुचाकीवाल्यांनी पुण्याजवळच्या गहुंजेला जाताना विशेष लक्ष द्यावं. मैदान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला खेटून आहे आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे मैदान डोळ्यांसमोर दिसतं, पण जायचं जुन्या हायवेने, देहूरोड-मामुर्डीच्या बाजूने. त्या बाजूचे रस्ते गावाच्या मापाचे आहेत. समोरून ट्रॅक्टर आला तर आधी त्याला जाऊ द्या. तो तिथला आहे.

आता पार्किंग. ही खरी मेजवानी, म्हणून जरा सविस्तर.

पार्किंग म्हणजे शेत. त्यावर मुरूम टाकलाय असं सांगतात, तो शोधायच्या फंदात पडू नका. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर काळ्या मातीत पुढची चाकं रुततील. तेव्हा ॲक्सिलरेटर आणखी दाबा, म्हणजे ती नीट खोलवर बसतील आणि मागच्या गाडीची काचही चिखलाने सजेल. ओळी आखलेल्या नसतात, मधल्या मार्गिका सोडलेल्या नसतात, दिवे नसतात. शिट्टीवाला मुलगा सांगेल तिथे, पुढच्या गाडीला चिकटवून लावा. सर्वात आधी आलेला सर्वात शेवटी बाहेर पडेल, ही पद्धत आहे. गाडी कुठे लावली ते लक्षात ठेवायला खूण म्हणून समोरची पांढरी कार धरा. तिथे सगळ्याच पांढऱ्या असतात.

आता थोडं गणित करू. मैदानात ४०,००० माणसं आहेत असं धरा. त्यातली निम्मी गाडीने आली, एका गाडीत सरासरी अडीच जण, तर गाड्या झाल्या ८,०००. एका कारला वळायची जागा धरून साधारण २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे २० हेक्टर, ५० एकरांच्या आसपास. ही जमीन मिळते, कारण ती एका रात्रीपुरतीच लागते. अडतं ते पुढे. चांगल्या डांबरी रस्त्यावर, कुठेही न थांबता, एका लेनमधून तासाला जेमतेम १,८०० गाड्या जातात. शेतातून चढ चढून, पायी चालणाऱ्यांच्या झुंडीतून वाट काढत, सर्व्हिस रोडला लागणाऱ्या एका तोंडातून ५०० गेल्या तरी शाबासकी द्यावी. अशी चार तोंडं ठेवली तर ८,००० गाड्यांना चार तास लागतात. प्रत्यक्षात त्यातलं एक व्हीआयपींसाठी राखून ठेवतात, दुसऱ्याच्या तोंडाशी कॅबवाले उभे असतात आणि तिसऱ्यासमोरचा यू-टर्न बंदोबस्तासाठी बंद केलेला असतो. उरलेलं गणित तुम्ही करा, वेळ भरपूर मिळेल. आणि हे कोणालाच आधी कळत नाही असं थोडंच आहे? येताना लोक तीन तासांत थोडेथोडे येतात, जाताना वीस मिनिटांत सगळे एकदम निघतात. मैदानाच्या आतल्या लोकांना हे चांगलं ठाऊक असतं. स्टेडियमच्या सुरक्षेसाठी ब्रिटनचा जो 'ग्रीन गाइड' जगभर प्रमाण धरतात, त्यात सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावरून ६६, आणि प्रेक्षक आठ मिनिटांत बाहेर पडण्याच्या वाटेला लागले पाहिजेत, असा हिशेब दिलाय. म्हणजे फाटकापर्यंत सेकंदांचा हिशेब, आणि फाटकाच्या बाहेर? बाहेर काहीच नाही! तिथून पुढचे तीन किलोमीटर कोणाच्याच बापाचे नाहीत. आयोजक म्हणतात रस्ता पोलिसांचा, पोलीस म्हणतात रस्ता प्राधिकरणाचा, प्राधिकरण म्हणतं कार्यक्रम आयोजकांचा.

असो. मार्गदर्शन सुरू आहे.

कॅब बोलवायची असेल तर शेवटच्या चेंडूपर्यंत थांबा. सगळ्यांचे फोन त्याच दोन-तीन टॉवरला झोंबत असतील, भाडं तिप्पट झालेलं असेल आणि पिकअपची पिन बॅरिकेडच्या आत पडलेली असेल. चालक 'लोकेशन पे हूँ' म्हणेल. हायवेच्या पलीकडच्या बाजूला तो खरोखरच असतो. पॉवर बँक तर फाटकावरच काढून घेतलेली असते, त्यामुळे ही चर्चा फार लांबत नाही.

नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जाणाऱ्यांनी रविवार असेल तर रेल्वेच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक जवळ ठेवावं.

आणि हो, शेवटच्या लोकलची वेळ बघू नका, मजा जाते. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत तिथेच पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. सामना लांबू शकतो हे आयोजकांना माहीत असतं, त्यासाठी राखीव दिवससुद्धा ठेवतात. परतीच्या प्रवासाला मात्र राखीव काहीच नसतं.

वानखेडेला जाणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नयेत. तिथे प्रेक्षकांसाठी पार्किंग जवळजवळ नाहीच, त्यामुळे चार तास गाडीत बसण्याचं सुख मिळणार नाही. सामना संपतो, लोक चालत चर्चगेटला जातात आणि बारा डब्यांची एक लोकल दाटीवाटीने तीन-चार हजार माणसं घेऊन निघते. दहा गाड्या सुटल्या की मैदान रिकामं. आता जवळच भुयारी मेट्रोचंही स्टेशन झालंय. धक्के बसतात, घाम येतो, पण माणूस अंधेरीला पोचतो, तेव्हा गहुंजेतला अजून आपली पांढरी गाडी शोधत असतो.

गहुंजेला रेल्वे नाही असं कोणी म्हणेल तर त्याला पुणे-लोणावळा लोकलचा मार्ग दाखवा. देहूरोड आहे, बेगडेवाडी आहे. बेगडेवाडीला उतरून मैदानापर्यंतची वाट उजेडाची आणि फूटपाथची असती तर हजारो जण तिकडूनच आले असते. तसं करायला अडचण एकच: त्याचं उद्घाटन फार छोटं होईल.

बसचं तर विचारूच नका. पुण्याची पीएमपी बससेवा सामन्यांना जादा बस सोडते. त्या बस त्याच कोंडीत उभ्या राहतात, कारण त्यांना वेगळी लेन नसते. एक बस साठ माणसं नेते. निगडीपर्यंतचं आठ-दहा किलोमीटरचं अंतर, लेन मोकळी असेल तर जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. शंभर बस दोन तासांत तीन खेपा करतील आणि १८,००० माणसं हलवतील. तीच बस गाड्यांत अडकली की रात्रीत एकच खेप होते आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचं, बसला प्रतिसाद नव्हता. सांगवी-किवळे बीआरटीचा, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनचा, मार्ग मुकाई चौकापर्यंत बांधून तयार आहे. मैदान तिथून फार लांब नाही. उरलेल्या तीन-चार किलोमीटरांत सामन्याच्या रात्री एक लेन बॅरिकेड लावून बसला द्यायची, एवढंच काम आहे. बॅरिकेड तर आहेतच ना पोलिसांकडे? व्हीआयपींच्या ताफ्यासाठी दहा मिनिटांत लागतात की!

पुरे झाला उपरोध.

आयोजकहो, अधिकारीहो, जमत नाही हे कारण सांगूच नका. याच देहूरोड-निगडीच्या रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. लाखो माणसं पायी. तेव्हा हेच पोलीस पालखी पुढे सरकेल तसा रस्ता टप्प्याटप्प्याने बंद करतात आणि मागचा उघडत जातात, वेळा आधी जाहीर होतात, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका जागेवर असतात. मग तिकिटाला हजारो रुपये घेतलेल्या माणसाला अंधारात हायवेच्या कडेने लेकरू खांद्यावर घेऊन का चालवता? चेन्नईत आयपीएलच्या तिकिटावर मेट्रोचा प्रवास मोफत मिळालाय. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी फुटबॉलच्या तिकिटातच बस-रेल्वेचं तिकीट असतं. तुमच्या तिकिटावर काय असतं? शीतपेयाची जाहिरात.

बेंगळुरूला ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामीच्या फाटकांबाहेर अकरा जण चेंगरून मेले. मैदानाच्या आत नाही, बाहेर. ज्या जागेचा हिशेब कोणीच करत नाही, तिथेच. किती माणसं, कुठून, कशाने येणार आणि किती वेळात कशाने परत जाणार, हे कागदावर लिहून दिल्याशिवाय परवानगीवर सही करू नका. बसची लेन दिसेपर्यंत तिकीटविक्री सुरू होऊ देऊ नका. पार्किंग कमी करा, महाग करा, आणि त्या पैशातून बस चालवा.

आणि तुम्ही, त्या रात्री राँग साइडने घुसून सर्व्हिस रोडच्या तोंडाशी आडवे उभे राहिलेले आणि वरून हॉर्न वाजवणारे, तुमच्या मागे सायरन वाजत होता. रुग्णवाहिका होती ती. काच खाली करून बघितलंत, आणि गाडी एक फूट पुढे घेतलीत.